उबुद परिसरातील भातखाचरे व सुबाक संस्था : एका भूदृश्याचा अन्वयार्थ

इंडोनेशियातील बाली बेटाच्या दक्षिण उतारावर वसलेले उबुद हे नगर आज जगभरच्या प्रवाशांनी गजबजलेले असते. तथापि या गजबजाटापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर अगदी निराळे दृश्य दिसते. राजवाड्यालगतच्या चौकातून निघणाऱ्या काजेंग गल्लीने उत्तरेकडे चालत गेल्यास दुकाने संपतात, रस्ता अरुंद होतो आणि सोक वायाह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्राची भातखाचरे दोन्ही बाजूंस पसरलेली दिसतात. पश्चिमेस चांपुहानच्या संगमापासून निघणारी दुसरी वाट एका निमुळत्या धारेवरून बांगकियांग सिदेम या खेड्याकडे जाते. तेथेही शेवटी खाचरेच भेटतात. पाटाचे मंद वाहणे, चिखलात चरणाऱ्या बदकांचा कलकलाट आणि पाखरे हाकणाऱ्याची एखादी हाळी यांपलीकडे येथे फारसा आवाज नसतो. ही शांतता निसर्गाची देणगी आहे, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. वस्तुतः ती एका अत्यंत गुंतागुंतीच्या मानवी संस्थेची निष्पत्ती आहे. ती संस्था कोणती, तिचे कार्य कसे चालते, तिच्याविषयी विद्वानांत मतभेद कोणते आणि पर्यटनाच्या वाढीने तिच्यापुढे कोणता प्रश्न उभा केला आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. नदी जवळ, पाणी दूर

या पायवाटेवरून जाताना भूगोलाच्या अभ्यासकास प्रथम एक विसंगती जाणवावयास हवी. चांपुहान या नावाचा संबंध मिसळणे, एकत्र येणे या अर्थाच्या शब्दाशी आहे. येथे वोस नदीचे दोन प्रवाह एकमेकांस मिळतात आणि संगमावर गुनुंग लेबाह हे मंदिर उभे आहे. परंपरा या मंदिराचा संबंध आठव्या शतकात जावाहून आलेल्या मार्कंडेय ऋषींशी जोडते. परंतु हे दोन्ही प्रवाह खोल घळींतून वाहतात. दक्षिण बालीची भूमी ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकाची असल्याने नद्यांनी ती उभी कापून काढली आहे. घळींच्या दरम्यान उत्तर-दक्षिण पसरलेल्या लांबट धारा उरल्या असून शेती बहुतांशी या धारांवर व त्यांच्या उतारांवर आहे. शेताच्या कडेने वाहणारी नदी शेताच्या कित्येक हात खाली असल्याने तिचे पाणी त्या शेताच्या उपयोगी पडत नाही.

मग खाचरात पाणी येते कोठून? नदीच्या वरच्या अंगास, बऱ्याच अंतरावर बंधारा घालून पाणी वळविले जाते. बालीत या बंधाऱ्यास एम्पेलान म्हणतात. तेथून ते तेलाबाह नावाच्या पाटाने, उताराचा अत्यंत बारकाईने हिशेब ठेवून, धारेच्या माथ्याकडे आणले जाते. मध्ये डोंगराचा सोंड आडवा आल्यास आउंगान म्हणजे बोगदा खोदून पाट पलीकडे नेतात. ही विद्या अर्वाचीन नव्हे. इसवी सन ८९६ च्या बेबेतिन येथील ताम्रपटात बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख येतो, आणि अकराव्या शतकातील लेखांत आढळणाऱ्या ‘सुवाक’ या शब्दात आजच्या ‘सुबाक’ या संज्ञेचे मूळ पाहिले जाते.

या रचनेतून एक सामाजिक परिणाम अटळपणे उद्भवतो. पाण्याचा उगम शेतापासून दूर असल्याने कोणताही शेतकरी एकट्याच्या बळावर ते आणू शकत नाही. बंधारा, बोगदा आणि पाट ही सर्व सामायिक मालमत्ता ठरतात. त्यांची डागडुजीही सामायिक ठरते. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरणारे पाणी हे अपरिहार्यपणे शेजाऱ्याच्या हातून आलेले पाणी असते. सुबाक संस्थेचा पाया या भौतिक वस्तुस्थितीत आहे.

२. सुबाकची घटना

एका सामायिक जलस्रोतापासून पाणी घेणाऱ्या खातेदारांचा व कसणाऱ्यांचा संघ म्हणजे सुबाक. हा संघ गावाहून भिन्न असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एका गावातील शेतकरी आपापल्या शेतांच्या स्थानानुसार निरनिराळ्या सुबाकांचे सभासद असू शकतात, आणि एका सुबाकात अनेक गावांचे लोक असू शकतात. सभासदत्व वस्तीवर नव्हे, तर पाण्यावर ठरते. बेटावर असे सुमारे १,२०० जलसंघ असून एकेकात साधारणपणे ५० ते ४०० शेतकरी असतात, असे युनेस्कोच्या वर्णनात म्हटले आहे.

संघाचा प्रमुख पेकासेह होय. सभासदांच्या सभेत निर्णय होतात. आविग-आविग नावाचे नियम संघाच्या सदस्यांवर बंधनकारक असतात. पाणी चोरणाऱ्यास, पाटाच्या सफाईस गैरहजर राहणाऱ्यास दंड होतो. जो सभासद श्रमदान करीत नाही त्याने त्याबद्दल ठराविक देणे द्यावयाचे असते. पाणीवाटपाचे साधन मात्र अत्यंत साधे आहे. पाटाच्या तोंडाशी लाकडाचा ओंडका आडवा बसवून त्यावर मापाच्या खाचा पाडतात. या विभाजकास तेम्बुकु व पाण्याच्या एका हिश्शास तेकतेक असे नाव आहे. ज्याचे जितके तेकतेक, तितक्या रुंदीच्या खाचेतून त्याचे पाणी वाहते. नदीस पूर असो वा ओढ असो, वाट्याचे प्रमाण बदलत नाही. टंचाई आलीच तर ती सर्वांस आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात सोसावी लागते. शिवाय ओंडक्यावरील खाच कोणासही डोळ्यांनी तपासता येते, त्यामुळे विश्वासाची जागा साक्षात पुराव्याने घेतली जाते.

महाराष्ट्रातील वाचकास येथे खानदेशातील पांझरा व मोसम या नद्यांवरील फड पद्धतीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही नदीवर बंधारा, त्यापासून पाट, आणि पाटकरी, जागल्या यांसारखे शेतकऱ्यांनीच नेमलेले सेवक अशी व्यवस्था होती. मात्र समतेचे साधन दोहोंत भिन्न आहे. फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडून प्रत्येक फडात एकेक पीक घेतले जाई व शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. पाणी कमी पडल्यास एखादा फड कोरडा ठेवून तोटा सर्वांत वाटला जाई. बालीत जमीन एके ठिकाणी असूनही पाण्याच्या प्रमाणबद्ध विभाजनाने तेच साध्य केले जाते. सामायिक पाण्याचा एकच प्रश्न दोन समाजांनी स्वतंत्रपणे, आपापल्या भूमीस अनुसरून सोडविला, असे या तुलनेवरून म्हणता येते.

३. मंदिर आणि पंचांग

सुबाकचे दुसरे अंग धार्मिक आहे, आणि ते पहिल्यापासून वेगळे काढता येत नाही. खाचरात पाणी जेथे प्रथम शिरते त्या कोपऱ्यावर लहानसे देवस्थान असते. सुबाकचे स्वतःचे मंदिर असते. एका बंधाऱ्यावर अवलंबून असणाऱ्या अनेक सुबाकांचे मिळून आणखी मोठे मंदिर असते. या श्रेणीच्या शिखरावर बातुर सरोवराचे उलुन दानु बातुर हे मंदिर आहे. १९२६ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ते उद्ध्वस्त झाल्यानंतर वर ज्वालामुखकुंडाच्या कडेवर त्याची पुनःस्थापना झाली. सरोवराची अधिष्ठात्री देवी दानु हीच सर्व झरे व नद्या यांची स्वामिनी मानली जाते. सरोवरातून एकही नदी उघडपणे बाहेर पडत नाही. तरी उतारांवरील झरे त्याच्याच पाण्याचे आहेत, अशी श्रद्धा आहे.

हंगामाच्या आरंभी पाण्याचे स्वागत करण्याचा जो विधी होतो त्यास माग्पाग तोया म्हणतात. यातील ‘तोया’ हा संस्कृत ‘तोय’ शब्दच होय. मंत्रपूत पाण्यास तेथे ‘तीर्त’ म्हणतात, आणि मराठीत देवळात हातावर घेतल्या जाणाऱ्या पाण्यास ‘तीर्थ’ म्हणतात, या साम्याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. कालगणनेतही असाच दुवा आहे. बालीत दोन पंचांगे एकाच वेळी चालतात. त्यांपैकी एक शककालाचे, म्हणजे इसवी सन ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या त्याच कालगणनेचे, जी महाराष्ट्रात शालिवाहन शक म्हणून रूढ आहे. दुसरे पावुकोन नावाचे, २१० दिवसांचे चक्र असून ते मूळ स्थानिक आहे. मंदिरांचे उत्सव आणि शेतीची कामे बऱ्याच अंशी या दुसऱ्या चक्रावर बसविलेली असतात. कोणत्या सुबाकाने केव्हा पाणी घ्यावे, केव्हा लावणी करावी व केव्हा शेत पडीक ठेवावे, यांचा मेळ मंदिरांतील सभांतून घातला जातो.

४. पाणी विरुद्ध कीड

मंदिरांच्या या वेळापत्रकाचा शेतीच्या दृष्टीने अर्थ काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या कष्टाने उलगडला. १९७० नंतरच्या दशकात इंडोनेशियाच्या शासनाने अधिक उत्पन्न देणाऱ्या, लवकर तयार होणाऱ्या भातजातींचा जोराने प्रसार केला. बालीतील जुन्या जाती तयार होण्यास पाच महिन्यांहून अधिक काळ घेत. नव्या जाती चार महिन्यांच्या आत निघत. प्रत्येक शेतकऱ्याने शक्य तितक्या वेळा, मंदिराच्या वेळापत्रकाची वाट न पाहता लावणी करावी, असे उत्तेजन देण्यात आले. आरंभी उत्पन्न वाढले. नंतर मात्र पाण्याच्या पाळ्यांत गोंधळ माजला आणि तपकिरी तुडतुडे, तुंग्रो रोग यांनी पिके नासू लागली. एका किडीस दाद न देणारी जात आणावी तर दुसरीच व्याधी बळावे. कीटकनाशकांच्या वाढत्या माऱ्याने तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूच नष्ट झाले. अखेर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद करावा लागला.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी या अनुभवाची जी मीमांसा केली ती प्रसिद्ध आहे. १९९१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, जलमंदिरे दोन परस्परविरोधी गरजांचा तोल सांभाळतात. सर्व सुबाकांनी एकाच वेळी लावणी केली तर कापणीनंतर सर्व क्षेत्र एकदम रिकामे होते व किडीस आश्रय उरत नाही. परंतु चिखलणीच्या काळात सर्वांस एकाच वेळी पाणी हवे असल्याने ते पुरत नाही. उलट प्रत्येकाने आपल्या सोयीने निरनिराळ्या वेळी लावणी केली तर पाणी पुरते. पण कीड एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरत राहते. म्हणून काही सुबाकांनी मिळून एकदम लावणी करावी आणि अशा गटांनी आपसांत पाळी लावावी, हाच मध्यम मार्ग ठरतो. गट किती मोठा असावा, हाच खरा प्रश्न होय. आणि मंदिरांची श्रेणी नेमके हेच ठरविते.

लान्सिंग व परिस्थितिविज्ञ जेम्स क्रेमर यांनी १९९३ मध्ये वोस व पेतानु या नद्यांवरील १७२ सुबाकांचे गणकयंत्रावर प्रतिमान रचून ही कल्पना तपासली. चांपुहानच्या वाटेवरून खाली जो प्रवाह दिसतो, तो याच वोसचा. प्रतिमानात प्रत्येक सुबाकास आरंभी यदृच्छया लावणीचे वेळापत्रक दिले आणि प्रत्येक हंगामानंतर शेजाऱ्यांपैकी ज्याचे पीक सर्वांत चांगले त्याचे अनुकरण करण्याची मुभा दिली. थोड्याच वर्षांत सुबाकांचे जे गट आपोआप तयार झाले, त्यांचे प्रत्यक्षातील जलमंदिरांच्या गटांशी लक्षणीय साम्य आढळले. कोणत्याही एका अधिकाऱ्याने आराखडा न आखताही अशी व्यवस्था उद्भवू शकते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

यातील एक आनुषंगिक मुद्दा विशेष मननीय आहे. पाण्याच्या बाबतीत वरच्या अंगाचा शेतकरी बलवान असतो. खालच्याशी सहकार्य करण्याचे त्यास कारण काय? याचे उत्तर किडीत आहे. वरच्यास पाण्याची चिंता नसली तरी किडीची असते. खालच्याने वेगळ्या वेळी लावणी केली तर त्याच्या शेतातील तुडतुडे वर येणार. तेव्हा खालच्याने आपल्याबरोबर लावणी करावी असे वरच्यास वाटते, आणि त्यासाठी लागणारे पाणी खाली सोडणे त्याच्या हिताचे ठरते. तात्पर्य, या व्यवस्थेत सौजन्याला स्वार्थाचा आधार मिळालेला आहे. म्हणूनच कीटकनाशकांच्या भरवशावर किडीचे भय नाहीसे झाल्याचा भास होताच सहकार्याचे एक प्रमुख कारणही दुर्बल झाले.

५. मतभेद

सुबाकविषयक संशोधनाची परंपरा जुनी आहे. डच अधिकारी लीफ्रिंक याने उत्तर बालीतील भातशेतीचे वर्णन १८८६–८७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९५७–५८ मध्ये बालीत क्षेत्रकार्य करणाऱ्या क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी सुबाक ही राजसत्तेपासून बऱ्याच अंशी स्वायत्त संस्था असल्याचे मत मांडले. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, कार्ल विटफोगेल यांचा पौर्वात्य निरंकुश सत्तेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. मोठ्या प्रमाणावरील जलसिंचनातून केंद्रीभूत राजसत्ता जन्मते, हा विटफोगेल यांचा सिद्धान्त. त्यास बालीचे उदाहरण प्रत्युत्तरासारखे वाटले, आणि लान्सिंग यांच्या कार्याने या प्रत्युत्तरास बळकटी आली.

तथापि हा पक्ष निर्विवाद नाही. ब्रिगिट्टा हाउझर-शॉयब्लिन यांनी २००३ मध्ये असा आक्षेप घेतला की, राजे व सरदार यांचा बंधारे, पाट व मंदिरे यांच्याशी असलेला संबंध या मांडणीत उपेक्षिला गेला आहे. या आक्षेपात तथ्यांश आहे. मेंग्वी राजघराण्याचे अठराव्या शतकातील तामान आयुन हे मंदिर एकाच वेळी राजमंदिर व जलमंदिर आहे, ही गोष्ट बोलकी आहे. बंधारा उभारण्यास लागणारे साहाय्य राजाकडून यावे आणि त्याच्या पाण्याचे दैनंदिन वाटप मात्र शेतकऱ्यांनी करावे, यात विरोध नाही. यास्तव स्वायत्तता आणि राजसत्ता यांपैकी एकाचीच निवड करण्यापेक्षा कोणत्या पातळीवर कोणाचा अधिकार चाले, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी होईल.

दुसरी सावधगिरी शब्दांविषयी बाळगावयास हवी. देव, मानव व निसर्ग यांच्यातील सामंजस्य दर्शविणारी ‘त्रि हित करण’ ही संज्ञा सुबाकचे प्राचीन तत्त्वज्ञान म्हणून सर्वत्र उद्धृत केली जाते. या सूत्राचा आजच्या रूपातील पुरस्कार मात्र १९६० नंतरच्या दशकात बालीतील हिंदू संघटनांनी केला. आचार प्राचीन, पण त्याचे सूत्रबद्ध नाव अर्वाचीन, असा हा प्रकार आहे. त्यायोगे आचाराचे मोल कमी होत नाही. परंतु प्राचीनतेचा पुरावा म्हणून त्या नावाचा उपयोग करता येणार नाही.

६. पर्यटन आणि खाचर

२०१२ मध्ये युनेस्कोने बालीतील सुबाक भूदृश्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. बातुरचे मंदिर व सरोवर, पाकेरिसान नदीचे खोरे, बातुकारु पर्वताच्या उतारावरील क्षेत्र आणि तामान आयुन मंदिर यांचे मिळून सुमारे १९,५०० हेक्टर क्षेत्र त्यात येते. त्याच वर्षी बाली प्रांताने सुबाकविषयक स्वतंत्र विनियमही केला. परंतु उबुदच्या चौकातून पायी जाणारा प्रवासी जी खाचरे पाहतो, ती या यादीत नाहीत. आणि पर्यटनाचा ताण तर तेथेच सर्वाधिक आहे.

हा ताण कसा कार्य करतो, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. हिरव्या खाचरांच्या दर्शनासाठी प्रवासी येतात. त्यांच्यासाठी खाचरांच्या मधोमध निवासगृहे व उपाहारगृहे उभी राहतात. जमिनीचा भाव चढतो आणि त्या भावावर आकारला जाणारा करही चढतो, पण भाताचे उत्पन्न त्या मानाने वाढत नाही. अशा स्थितीत एखाद्या मालकाने आपले खाचर विकले तर त्यास दोष देणे कठीण. शिवाय कसणारा पुष्कळदा वाटेकरी असतो. विक्रीचा लाभ मालकास होतो, आणि कुळाची उपजीविका मात्र जाते.

परंतु हे नुकसान विकलेल्या खाचरापुरते मर्यादित राहत नाही. वरच्या अंगाचे एक खाचर बांधकामाखाली गेले की त्यातून पुढे जाणाऱ्या पाटाचा मार्ग अरुंद होतो वा बंद पडतो. पाट उपसणारे हात कमी होतात. उरलेल्यांवर तेच काम अधिक भाराने पडते. सांडपाणी व कचरा पाटात उतरतो. उरलेली तुटक खाचरे एकाच वेळी लावणी करण्याचे वेळापत्रक पाळू शकत नाहीत, आणि मग उंदीर, पाखरे व तुडतुडे यांचा सर्व उपद्रव त्या थोड्या शेतांवर एकवटतो. अशा रीतीने एका विक्रीमुळे शेजाऱ्यासही विक्रीवाचून गत्यंतर उरत नाही. ज्या परस्परावलंबनाने संस्था उभी राहिली, तेच परस्परावलंबन तिच्या ऱ्हासाचा वेगही वाढविते.

यावर केवळ दृश्याचे रक्षण करणे हा उपाय पुरेसा नाही. रस्त्यालगतचे काही मजले हिरवे ठेवले आणि त्यांच्या वरचा पाट मोडला तर काही वर्षे चित्र टिकेल, शेती टिकणार नाही. रक्षणाचे एकक खाचर नसून बंधाऱ्यापासून अखेरच्या खाचेपर्यंतचा संपूर्ण जलमार्ग व त्यावर अवलंबून असणारा संघ हे होय. पर्यटनाच्या उत्पन्नातील वाटा मालकाबरोबर कसणाऱ्याच्या व सुबाकच्या हाती पोचणे, शेतीखालील जमिनीचा कर शेतीच्या उत्पन्नाशी निगडित असणे आणि बांधकामास अनुमती देताना पाटाच्या मार्गाविषयी पेकासेहचा अभिप्राय बंधनकारक मानणे, या तीन गोष्टी त्या दृष्टीने विचारार्ह आहेत.

महाराष्ट्रातील अभ्यासकांस या प्रश्नाचे महत्त्व दुहेरी आहे. खानदेशातील फड आणि पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव यांच्याही बाबतीत वास्तूच्या नोंदी मिळतात. परंतु ती वास्तू चालविणाऱ्या मंडळींच्या नियमांचे, दंडांचे व वाटपाच्या मापांचे संकलन त्या प्रमाणात झालेले नाही. बंधारा मोडला तर तो पुन्हा बांधता येतो. पाण्याच्या वाटपाचा सर्वमान्य नियम एकदा विस्मरणात गेला की तो पुन्हा घडविण्यास पिढ्या लागतात. काजेंगच्या वाटेवरील शांत खाचरांत जो ओंडका पाण्याखाली अर्धवट बुडालेला दिसतो, त्याच्या खाचा मोजून घेणे हे म्हणूनच देखावा पाहण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, अगत्याचे काम आहे.